लिहिणारा कोण, भोगणारा कोण?

येरवडा म्हटले की महाराष्ट्रातल्या माणसाच्या मनात दोन वास्तू उभ्या राहतात : मध्यवर्ती कारागृह आणि मनोरुग्णालय. आम्हा येरवडेकरांना बाहेरगावी याच दोन गोष्टींवरून चिडवले जाते आणि त्याची आम्हाला सवयही झाली आहे. कारागृहाचे बांधकाम १८७१ सालचे. टिळक, गांधी यांच्यामुळे ते इतिहासाच्या पुस्तकांत गेले. पण या कारागृहात छापखाना होता, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. इंग्रजी अमलातले मुंबई सरकारचे कितीतरी अहवाल आणि नियमपुस्तिका या छापखान्यात, कैद्यांच्या हातून छापल्या गेल्या. जुन्या ग्रंथालयात अशी एखादी पुस्तिका हाती आली, तर बारीक अक्षरातली छापखान्याच्या नावाची ओळ अवश्य पाहावी. 'येरवडा कारागृह मुद्रणालय' एवढाच तिचा मजकूर असतो.

ही ओळ हौसेने छापलेली नाही. १८६७ सालच्या मुद्रणालये व पुस्तके नोंदणी कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छापण्याचे ठिकाण देणे बंधनकारक केले होते. मजकूर प्रसिद्ध होणार असेल, तर प्रकाशकाचेही नाव द्यावे लागे. वर्तमानपत्र काढणाऱ्याला दंडाधिकाऱ्यासमोर जाऊन, हे पत्र मी छापतो, मी प्रसिद्ध करतो, असे लिहून द्यावे लागे. हा कायदा दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकला. मार्च २०२४ पासून त्याच्या जागी नवा कायदा लागू झाला आहे. सरकारने तो केला छापखान्यांवर नजर ठेवण्यासाठी, यात शंका नाही. तरी त्यातून समाजाला एक शिस्त लागली. कागदावर जे आले त्याचा जबाब देणारा माणूस नावानिशी माहीत असला पाहिजे, ही ती शिस्त होय.

आज प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. त्यातून रोज निघणाऱ्या हजारो मजकुरांवर मात्र अशी ओळ नसते. मग जबाब कोण देतो आणि शिक्षा कोण भोगतो, हा प्रश्न येरवड्याच्या इतिहासातून तपासून पाहण्यासारखा आहे. आपल्या समाजाला तर तो फार जवळून भिडतो.

नावाने उभे राहणारी माणसे

पहिला दाखला १८९७ चा. पुण्यात प्लेगचे दिवस होते. त्या वर्षी जूनमध्ये 'केसरी'त शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेले एक काव्य टोपणनावाने प्रसिद्ध झाले. त्यावरून आणि त्याच सुमारास आलेल्या इतर मजकुरावरून सरकारने राजद्रोहाचा खटला भरला. खटला टोपणनावावर चालत नाही, तो माणसावर चालतो. संपादक म्हणून टिळक उभे राहिले. त्यांच्याबरोबर मुद्रकालाही आरोपी केले होते, तो सुटला. टिळकांना सप्टेंबर १८९७ मध्ये दीड वर्षाची शिक्षा झाली आणि तिचा काही काळ त्यांनी येरवड्यात काढला.

दुसरा दाखला उर्दू पत्रकारितेतला आहे. मराठी वाचकांना तो कमी माहीत आहे, म्हणून मुद्दाम सांगते. मौलाना हसरत मोहानी अलीगढहून 'उर्दू-ए-मुअल्ला' नावाचे मासिक काढत. १९०८ साली त्यात इंग्रजांच्या इजिप्तमधील धोरणावर टीका करणारा लेख आला. लेखावर लेखकाचे नाव नव्हते. सरकारने विचारले, लेखक कोण? हसरत मोहानींनी नाव सांगितले नाही. मासिक माझे आहे, जबाबदारी माझी आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली. त्यासाठी सक्तमजुरी पत्करली, तुरुंगात धान्य दळले. घरातला दुर्मिळ ग्रंथसंग्रहही या प्रकरणात हातचा गेला. पुढे १९२२ नंतरच्या कारावासात हेच मौलाना आमच्या येरवड्याच्या तुरुंगात होते. 'इन्कलाब जिंदाबाद' ही घोषणा देणारा हा माणूस निनावी लेखाच्या मागे स्वतःचे नाव घेऊन उभा राहिला, हे आमच्या मुलांना कोणीतरी सांगायला हवे.

तिसरा दाखला सर्वांना ठाऊक आहे. 'यंग इंडिया'तील तीन लेखांबद्दल गांधीजींवर खटला भरला गेला. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादला तो चालला आणि गांधीजींनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. पत्राचे मुद्रक आणि प्रकाशक शंकरलाल बँकर यांना एक वर्ष कैद आणि एक हजार रुपये दंड झाला. दोघांनाही येरवड्यात आणले गेले. लेख गांधीजींनी लिहिले होते, बँकरांनी ते पुढे पोहोचवले होते. कायद्याच्या नजरेत पुढे पोहोचवणाराही मोकळा नव्हता. जाता जाता एक सांगायचे तर, या कारावासात गांधीजींनी उर्दूचा अभ्यास नेटाने केला.

या तिन्ही खटल्यांतला कायदा जुलमी होता. शिक्षा अन्यायाच्या होत्या. तरीही तिन्ही वेळा शिक्षा भोगणारा माणूस त्या मजकुराशी नावाने बांधलेला होता. चुकीच्या माणसाला उचलले, असे यांपैकी एकाही खटल्यात म्हणता येणार नाही.

पन्नास दिवस

आता २००७ साली येऊ. तो ऑर्कुटचा जमाना होता. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेले हे संकेतस्थळ सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले, पण मधल्या काळात आपल्याकडच्या तरुण पिढीला त्याचे वेड लागले होते. शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर ऑर्कुटवर आल्यावरून नोव्हेंबर २००६ मध्ये पुण्यात सायबर कॅफेंची मोडतोड झाली होती. महाराजांच्या विटंबनेच्या अशाच एका प्रकरणात पुणे पोलिसांनी तपास सुरू केला. चित्र टाकणाऱ्याने खरे नाव दिले नव्हते. तेव्हा तपास आकड्यावर आला. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक जोडणीला त्या त्या वेळी एक क्रमांक मिळतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. संकेतस्थळाच्या कंपनीकडून तो पत्ता मिळाला. तो पत्ता कोणाचा, हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने सांगितले. बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याचे नाव पुढे आले.

३१ ऑगस्ट २००७ रोजी पुण्याचे पोलीस त्याच्या बंगळूरच्या घरी पोहोचले. त्याला अटक करून पुण्याला आणले आणि येरवड्याच्या कारागृहात ठेवले. त्याने ते चित्र टाकले नव्हते. टाकल्याचे त्याला ठाऊकही नव्हते. कंपनीने दिलेली माहितीच चुकीची होती. वेळेच्या नोंदीत घोळ झाला, रात्रीचा सव्वा की दुपारचा सव्वा हे नीट पाहिले गेले नाही, असे त्या वेळी छापून आले. पुढे खरे संशयित सापडले. तरीही या माणसाची सुटका लगेच झाली नाही. एकंदर सुमारे पन्नास दिवस तो येरवड्यात होता.

ज्या तुरुंगात टिळक आणि गांधी स्वतःच्या शब्दांसाठी राहिले, तिथेच हा माणूस दुसऱ्याच्या चित्रासाठी राहिला. १८९७ ते २००७ या एकशे दहा वर्षांत झालेला फरक असा आहे : कागदावरची नावाची ओळ गेली आणि तिच्या जागी आकडा आला. नाव सहसा चुकत नाही. आकडा चुकू शकतो आणि चुकलेला आकडाही खऱ्या आकड्याइतकाच खात्रीचा दिसतो.

तो का चुकतो, हेही समजून घ्यायला हवे. जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४३० कोटी आहे. जगात माणसे त्याहून जास्त, आणि उपकरणे तर कितीतरी जास्त. म्हणून कंपन्या एकच क्रमांक फिरवून फिरवून वापरतात. सकाळी जो क्रमांक तुमच्याकडे असतो, तो संध्याकाळी दुसऱ्याच कोणाकडे असू शकतो. मोबाईलच्या जाळ्यात तर एकाच क्षणी अनेक ग्राहक एकाच क्रमांकामागे असतात. म्हणजे वेळेवाचून क्रमांकाला अर्थ नाही. वेळेतही गोम आहे. परदेशातले संगणक पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेने नोंद करतात आणि आपले घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास असते. हे अंतर विसरले की मुसाच्या जागी ईसा पकडला जातो.

गर्दीची चूक

यंत्राची चूक झाली तर निदान सुटकेचा दरवाजा असतो. जमावाच्या हातून चूक झाली तर तोही राहत नाही.

मे २०१४ च्या अखेरीस फेसबुकवर शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फिरली. पुण्यात बसवर दगडफेक झाली, दुकाने बंद पाडली गेली. २ जून २०१४ च्या रात्री हडपसरमध्ये नमाज पढून घरी परतणारा एक तरुण जमावाच्या मारहाणीत ठार झाला. तो सोलापूरचा होता, पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करत होता. त्याचे नाव या अंकाच्या वाचकांना सांगावे लागणार नाही. त्या चित्रांशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याची दाढी आणि टोपी हाच जमावाच्या लेखी त्याचा आयपी पत्ता ठरला. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपींची निर्दोष मुक्तता केली. चित्रे टाकणारा कोण, मारणारा कोण आणि मेला कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे एकमेकांना कुठेच भेटत नाहीत.

पण केवळ स्वतःच्या जखमा मोजून भागणार नाही. २०१२ चा ऑगस्ट आपण विसरता कामा नये. आसाममध्ये हिंसा चालू होती, म्यानमारमधून रोहिंग्यांच्या हालअपेष्टांच्या बातम्या येत होत्या. हे दुःख खरे होते. पण त्यांच्या नावावर फिरणारी कितीतरी चित्रे खोटी होती. मृतदेहांच्या रांगांमध्ये उभ्या असलेल्या भिक्षूंचे एक चित्र तेव्हा घराघरांत पोहोचले होते. ते चीनमधल्या २०१० च्या भूकंपानंतरचे होते. मृत भूकंपाचे बळी होते आणि ते तिबेटी भिक्षू मदतीला आलेले होते. मदत करणाऱ्यांना मारेकरी ठरवून आपण ते चित्र पुढे पाठवत राहिलो. ११ ऑगस्ट २०१२ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावरील निषेध सभेला हिंसक वळण लागले आणि दोन जीव गेले. पुण्यात शिकायला, नोकरीला आलेल्या ईशान्य भारतातल्या मुलामुलींवर हल्ले झाल्याच्या बातम्या आल्या. अफवांचे एसएमएस सुटले आणि बंगळूर, पुणे, चेन्नई इथून हजारो जण रेल्वेने गावाकडे निघाले. शेवटी केंद्र सरकारला पंधरा दिवस एका वेळी पाचपेक्षा जास्त एसएमएस पाठवण्यावर बंदी घालावी लागली. पुण्याच्या स्थानकावर बॅगा घेऊन बसलेल्या त्या मुलांनी कोणाचे काय बिघडवले होते? त्यांचे नाकडोळे हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरला होता.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच माणसे ठेचून मारली गेली. मंगळवेढ्याकडचे भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे हे लोक. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, एवढा मजकूर मोबाईलवरून त्यांच्या आधी गावात पोहोचला होता. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणली. 'फॉरवर्ड केलेला' ही खूणही त्याच सुमारास दिसू लागली. एप्रिल २०२० मध्ये बऱ्याच हातांतून आलेल्या संदेशासाठी ही मर्यादा एका ठिकाणावर आली. यंत्राने आपला हात आखडता घेतला. माणसानेही तो घ्यायला हवा.

जून २०२३ मध्ये कोल्हापूरला मोबाईलवरच्या स्टेटसमुळे शहर पेटले. राजर्षी शाहूंच्या गावात दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावे लागले. स्टेटस ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुलेही होती. ज्यांची दुकाने फुटली, त्यांनी कोणतेही स्टेटस ठेवलेले नव्हते. एका पोराच्या अंगठ्याचा हिशोब अख्ख्या मोहल्ल्याकडून वसूल केला जातो, हे अन्यायाचेच आहे. तो अन्याय करणाऱ्यांचा दोष तसूभरही कमी होत नाही. पण तो होतो हे ठाऊक असताना मुलांना सावध न करणे हे पालक आणि शिक्षक म्हणून आपल्याला शोभणारे नाही.

सनदेची परंपरा

अशा वेळी आपण पोलिसांकडे, सरकारकडे, कंपन्यांकडे पाहतो. पण पाठवणारा कोण, हे विचारण्याचे शास्त्र आपल्या परंपरेत बाराशे वर्षांपासून आहे आणि त्याचाच आपल्याला विसर पडला आहे.

हदीस स्वीकारताना मुहद्दिसांनी मजकुराइतकेच महत्त्व सनदेला दिले. सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी. अमक्याने तमक्याकडून ऐकले, त्याने आणखी कोणाकडून, असे करत पैगंबरांपर्यंत (स.) पोहोचणारी. या साखळीतला प्रत्येक रावी तपासला जाई. तो सच्चा आहे का, त्याची स्मरणशक्ती कशी आहे, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याची आणि याची भेट होणे शक्य होते का. यासाठी 'अस्मा-उर्-रिजाल' हे स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. हजारो रावींच्या चरित्रांच्या नोंदी त्यात आहेत. साखळीतली एक कडी गळालेली असेल, तर मजकूर कितीही सुंदर असो, त्याची प्रत कमी ठरे. तिसऱ्या हिजरी शतकात इमाम बुखारी आणि इमाम मुस्लिम यांनी आपले संग्रह याच कसोटीवर केले. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पडताळणीवाचून पुढे सांगत सुटणाऱ्याला पैगंबरांनी (स.) खोटे बोलणाऱ्यांत धरले आहे, हे इमाम मुस्लिम यांनी आपल्या संग्रहाच्या प्रस्तावनेतच नोंदवले आहे. कुरआनात सूरह हुजुरातमध्ये संशयास्पद माणसाने आणलेली बातमी पडताळून घेण्याची आज्ञा आहे. तिचे कारणही तिथेच दिले आहे : अजाणता एखाद्या समूहाला इजा होऊ नये आणि मागाहून पस्तावण्याची पाळी येऊ नये.

राईनपाडा, हडपसर आणि २०१२ चे पुणे स्थानक या आज्ञेच्या उजेडात पाहावे. फॉरवर्ड केलेल्या संदेशाला सनद नसते. 'जसा आला तसा पाठवला' हे आपण त्याच्या खाली मोठ्या प्रामाणिकपणे लिहितो. मुहद्दिसांच्या भाषेत याचा अर्थ, रावी अज्ञात. गंमत अशी की तीर्थस्थळांची, दुआंची, औषधांची आणि 'हा संदेश दहा जणांना पाठवा' अशा पुण्याची जी पत्रके आपल्याकडे फिरतात, त्यांत हदीसच्या नावाने खपवलेला मजकूरही पुष्कळ असतो. ज्या शास्त्राने बनावट हदीस वेगळी काढली, त्याच शास्त्राचे वारस बनावट हदीस सर्वांत आधी पुढे पाठवतात, हे आपले दुर्दैव आहे.

सरकारलाही शेवटी सनदच हवी आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मोठ्या संदेश सेवांनी, कायदेशीर आदेश आल्यास, संदेश सर्वांत प्रथम पाठवणारा कोण हे सांगितले पाहिजे, अशी तरतूद आली. व्हॉट्सअॅपने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. पहिला माणूस शोधायचा तर सगळ्यांचेच खासगी बोलणे उघडे पडेल, असा कंपनीचा युक्तिवाद. हा वाद साधा नाही. नागरिकाचे खासगीपण मोलाचे आहे आणि राईनपाड्याच्या पाच माणसांचे प्राणही मोलाचे होते.

कायद्याचा हात कुठवर जातो, याचीही दोन उदाहरणे लक्षात ठेवावीत. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका साध्या फेसबुक मजकुरावरून अटक झाली होती. त्यातून देशभर चर्चा झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ रद्द झाले. म्हणजे मत मांडण्याचा हक्क आपल्याला आहे आणि तो वापरलाही पाहिजे. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने व्हॉट्सअॅप गटाच्या अॅडमिनबद्दल निकाल दिला. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला अॅडमिन केवळ अॅडमिन आहे म्हणून गुन्हेगार ठरत नाही. त्यात त्याचाही समान हेतू होता हे दाखवावे लागेल. कायद्याने सुटला तरी अॅडमिनने गप्प बसावे असे नाही. ज्याच्या घरी मैफल भरते, त्याने भांडण लावणाऱ्याला दाराबाहेर काढावे, एवढी रीत आपल्याकडे आहेच.

नाव ही अमानत

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलमध्ये शिरली आणि ज्या घरांत एकच फोन होता, त्या घरांतही तो मुलांच्या हाती गेला. तो परत आलेला नाही. फोन मुलाच्या हातात आणि सिम वडिलांच्या नावावर, ही आमच्या वस्त्यांतली सर्रास स्थिती आहे. मुलगा काही लिहितो, नोंद वडिलांच्या नावावर होते. रिक्षा चालवून दमून आलेल्या त्या बापाला इन्स्टाग्राम म्हणजे काय तेही माहीत नसते. लिहिणारा एक आणि भोगणारा दुसरा, ही गोष्ट इथे घरातच सुरू होते.

म्हणून मुलांना शिकवायची पहिली गोष्ट ही, की आपले नाव आणि आपला नंबर ही अमानत आहे. दुसऱ्यासाठी आपल्या कागदांवर सिम घेऊ नये. आधारची प्रत देताना तिच्यावर कारण आणि तारीख लिहावी. आपल्या नावावर किती मोबाईल जोडण्या चालू आहेत, हे केंद्र सरकारच्या संचार साथी या सेवेवर पाहता येते. ते अधूनमधून पाहावे. घरातल्या वायफायला अवघड पासवर्ड असावा, कारण शेजाऱ्याने किंवा रस्त्यावरच्या कोणी तुमच्या वायफायवरून काही केले, तर पत्ता तुमचा निघतो. आजकाल काही हजार रुपयांच्या आमिषाने बेकार तरुणांची बँक खाती 'भाड्याने' घेतली जातात. त्यांतून फसवणुकीचा पैसा फिरतो आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारी. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हे आता सर्वांना पाठ आहे. पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल करून 'डिजिटल अटक' केल्याचे कोणी सांगितले, तर फोन खुशाल ठेवून द्यावा. अशी अटक कायद्यात नाही.

मुलींविषयी वेगळे बोलायला हवे. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ रोजी 'बुल्ली बाई' या नावाने मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे लिलावाला लावल्यासारखी मांडली गेली. पत्रकार, कार्यकर्त्या, शिकणाऱ्या मुली अशा बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या स्त्रिया त्यासाठी निवडल्या होत्या. मुंबई पोलिसांनी पकडलेल्यांत अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी आणि जेमतेम अठरा वर्षांची एक मुलगी होती. संशय भलत्याकडे जावा म्हणून शीख समाजातली वाटतील अशी नावे वापरली गेल्याचे पोलिसांनी सांगितले. इथेही तीच रीत : करायचे आपण, नाव दुसऱ्याचे. तेव्हा पुष्कळ घरांत मुलींनाच फोन बंद करायला सांगितले गेले. हा उपाय नव्हे. ज्यांची छायाचित्रे चोरली, त्यांनी पोलिसांत तक्रारी केल्या म्हणून चोर सापडले. मुलीला छळणारा संदेश आला, तर तो घाईने पुसून टाकू नये. तारीख, वेळ आणि खात्याचे नाव दिसेल असे पडद्याचे छायाचित्र ठेवावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीच्या तक्रारी नाव न देताही करता येतात. पैशांची फसवणूक झाली, तर १९३० या क्रमांकावर त्याच घडीला फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

आणि कधी निरपराध माणसाच्या दारी पोलीस आले, तर घाबरून फोनमधले काही पुसू नये. कोणता क्रमांक, कोणती तारीख, कोणती वेळ आणि ती वेळ कोणत्या देशाची, हे वकिलामार्फत लेखी विचारावे. अटक झालेल्याला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करण्याचा आणि वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदाने दिला आहे. २००७ साली हे चार प्रश्न कोणी वेळेवर विचारले असते, तर त्या अभियंत्याचे पन्नास दिवस वाचले असते.

आता तर यंत्रे माणसाचा चेहरा आणि आवाजही हुबेहूब बनवू लागली आहेत. उद्या एखाद्या मौलवींच्या किंवा नेत्याच्या आवाजात त्यांनी कधी न उच्चारलेले शब्द ऐकू येतील आणि आपले कान ते खरे मानतील. त्या दिवशी आपल्या कामाला येईल ती एक जुनी सवय. संदेश पाठवणाऱ्याला अदबीने विचारायचे : भाई, हे तुम्हाला कोणाकडून आले? त्यांनी सांगितलेल्या माणसाला विचारायचे, तुम्हाला कोणाकडून? दोन कड्यांपलीकडे उत्तर मिळाले नाही, तर तो मजकूर आपल्याजवळच थांबवायचा. असे विचारणारा माणूस गटात थोडा नावडता होतो खरा. मोहल्ल्यात असे दहा-वीस नावडते लोक तयार झाले, तरी पुष्कळ निरपराध माणसे सुखरूप आपापल्या घरी झोपतील.